आईच्या गाठीचे दोन रिपोर्ट आणि तिसरं मोजमाप

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्याची पापणी संध्याकाळ झाली की पडायला लागली. जेवताना चार घास खाल्ले की जबडा थकायचा. न्यूरोलॉजिस्टनी मायस्थेनिया ग्रेव्हिसचं, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचं, निदान केलं, गोळ्या सुरू केल्या आणि छातीचा सीटी स्कॅन करायला लावला. त्यात छातीच्या हाडामागे साडेपाच सेंटिमीटरची गाठ निघाली. ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. हॉस्पिटलच्या रिपोर्टात ‘थायमोमा, बी१, मसाओका-कोगा टप्पा २अ, कडा मोकळ्या’ असं लिहिलंय. आम्ही स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, तर तिथून ‘बी२’ आलं. मग ओळखीतल्या एकांनी सुचवलं म्हणून स्लाइडचे फोटो एका खासगी लॅबला पाठवले. त्यांनी संगणकावर पेशी मोजून कागद दिला : ‘केंद्रकाचं सरासरी क्षेत्रफळ ५२ चौरस मायक्रॉन, आकारातली तफावत जास्त, उच्च श्रेणीची शक्यता.’ आता मामा म्हणतात लगेच रेडिएशन सुरू करा. सर्जन म्हणतात गरज दिसत नाही. पेशी मोजून कॅन्सर किती जहाल आहे हे खरंच कळतं का? कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नमस्कार. थेट उत्तर आधी देते. पेशींच्या मापावरून गाठीच्या स्वभावाचा थोडाफार अंदाज येतो, पण तुमच्या हातातल्या कागदावरून तो येत नाही. रेडिएशनचा निर्णय तर त्या ५२ च्या आकड्यावर मुळीच घेऊ नका. तुम्ही जेवढं कळवलंय तेवढ्यावरून मला सर्जनचं म्हणणं जास्त पटतंय. का, ते जरा विस्ताराने सांगते, कारण मामांना समजावायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडणार आहे.

थायमस ही छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेली ग्रंथी. लहानपणी ती जोरात काम करते. शरीराच्या संरक्षणासाठी लागणाऱ्या टी-लिम्फोसाइट पेशी तिथे तयार होतात, पारखल्या जातात. वयात आल्यावर ग्रंथी आक्रसत जाते आणि तिची जागा चरबी घेते. थायमोमा होतो तो या ग्रंथीतल्या एपिथेलियल पेशींचा, म्हणजे लिम्फोसाइटना घडवणाऱ्या पेशींचा. गंमत अशी की गाठ झाल्यावरही त्या आपलं जुनं काम पुरतं सोडत नाहीत, लिम्फोसाइटचा गोतावळा भोवती जमवतच राहतात. त्यामुळे बी१ किंवा बी२ (ही थायमोमाच्या प्रकारांची नावं) गाठीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की आधी दिसतो तो लहान, गोल, गडद निळ्या केंद्रकांचा गच्च थर. त्या सगळ्या लिम्फोसाइट. त्या गाठीत आहेत, पण गाठीच्या नाहीत. खऱ्या गाठीच्या पेशी त्या गर्दीत अधूनमधून दिसतात : केंद्रक मोठं, फिकट, आत एखादा ठळक ठिपका.

आता तुमचा कागद घ्या आणि लॅबला पहिला प्रश्न विचारा : मोजलं काय?

समजा संगणकाला एवढंच सांगितलं होतं की निळं दिसेल ते केंद्रक समज आणि माप. लिम्फोसाइटचं केंद्रक सहा-सव्वासहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे ३० चौरस मायक्रॉन. गाठीतल्या पेशीचं केंद्रक पावणेदहा मायक्रॉनच्या आसपास धरलं तर ते येतं ७४ च्या घरात. दोन्ही निम्मे-निम्मे मोजले गेले तर सरासरी? बरोबर ५२. म्हणजे स्लाइडवर एकाही पेशीचं माप ५२ नसताना कागदावर ५२ उमटू शकतं. ‘आकारातली तफावत जास्त’ हे वाक्यही आपोआप खरं ठरतं, कारण दोन वेगळ्या जातींच्या पेशी एकाच टोपलीत टाकल्या आहेत. त्यात जहालपणाचा काही संबंध नाही. तुमच्या लॅबनं असंच केलं असेल असं मी म्हणत नाही. पण केराटिनचा किंवा पी४० चा (ही एपिथेलियल पेशींतली प्रथिनं) रंग देऊन आधी एपिथेलियल पेशी वेगळ्या ओळखल्या आणि मग फक्त त्याच मोजल्या, असं कागदावर कुठे लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याला मी तरी हात लावणार नाही.

बरं, धरून चालू की योग्य पेशीच मोजल्या. तरी अडचण संपत नाही. स्लाइडवर जे दिसतं तो पेशीचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप असतो. काकडी उभी चिरली तर लांबट फाक मिळते, आडवी चिरली तर गोल चकती, काकडी तीच. ए प्रकारच्या थायमोमात पेशी लांबट, चातीसारख्या असतात. समजा केंद्रक १२ मायक्रॉन लांब आणि ५ मायक्रॉन रुंद आहे. लांबीच्या दिशेनं काप गेला तर क्षेत्रफळ ४७, आडवा गेला तर २०. एकाच पेशीची दोन मापं, एकात दुसऱ्याच्या दुप्पट आणि वर थोडं. म्हणून या कामात मुरलेली माणसं नुसत्या क्षेत्रफळावर विसंबत नाहीत. परीघ, लांबी-रुंदीचं गुणोत्तर, कड किती वेडीवाकडी आहे, हेही बघतात, आणि पाच-दहा पेशींवर न थांबता शेकड्यानं मोजतात.

पुढे फॉर्मलिनचा, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवाचा, हिशेब. ऑपरेशन थिएटरमधून गाठ बाहेर आली की ती फॉर्मलिनमध्ये टाकतात. ते आत शिरतं ढोबळमानानं ताशी एखाद मिलिमीटर वेगानं, आणि खोलवर तर आणखी सावकाश. साडेपाच सेंटिमीटरची गाठ न चिरता तशीच बुडवून ठेवली तर बाहेरचा थर पक्का होतो आणि मधला भाग तोवर बिघडायला लागलेला असतो. त्यानंतर अल्कोहोल, मग गरम मेण. या प्रवासात पेशी आक्रसतात, आणि प्रत्येक लॅबमध्ये सारख्या आक्रसत नाहीत. व्यास दहा टक्क्यांनी घटला की क्षेत्रफळ एकोणीस टक्क्यांनी घटतं. उलट बाजूनं बघा : ८ मायक्रॉनचं केंद्रक मोजताना चुकून ९ धरलं तर क्षेत्रफळ ५० वरून ६४ होतं. एका मायक्रॉनच्या चुकीनं माणूस ‘कमी’मधून ‘उच्च’मध्ये जाऊन बसतो. त्यात तुम्ही फोटो पाठवलेत. कोणत्या भिंगातून काढले, एका पिक्सेलला किती मायक्रॉन, गाठीच्या कुठल्या भागातले, कोणी निवडले? हे माहीत नसेल तर मोजपट्टीच नाही, मग माप कसलं? जुने पॅथॉलॉजिस्ट अशा वेळी शेजारच्या रक्तवाहिनीतली तांबडी पेशी बघतात. ती साधारण सात मायक्रॉनची, मेणात थोडी लहान झालेली. तिच्याशी तुलना करून केंद्रक मोठं की लहान हे डोळ्यानंच ठरवतात. ओबडधोबड पद्धत आहे, पण तांबडी पेशी त्याच फॉर्मलिनमधून आणि त्याच मेणातून गेलेली असते, एवढा तिचा फायदा.

हे वाचून पेशी मोजणं हा खुळा उद्योग आहे असं समजू नका. ती कल्पना अगदी शहाण्या माणसांची होती. थायमोमाचं निदान शंभर वर्षांपूर्वीपासून डॉक्टरांना छळत आलंय, कारण वरून गरीब दिसणारी गाठ वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणावर परत उगवते, तर भयंकर दिसणारी एखादी काढल्यावर कायमची शांत होते. १९६१ मध्ये मेयो क्लिनिकच्या बर्नात्झ आणि सहकाऱ्यांनी लिम्फोसाइट जास्त की एपिथेलियल पेशी जास्त, यावर विभागणी केली. १९७८ मध्ये लेव्हिन आणि रोसाई यांनी पेशींच्या रूपापेक्षा गाठ आवरणाबाहेर पडली का, यावर भर दिला. १९८५ मध्ये मारिनो आणि म्युलर-हर्मेलिंक यांनी ग्रंथीच्या बाहेरच्या थराशी साम्य की आतल्या थराशी, असा विचार मांडला. प्रत्येकाची वेगळी भाषा, आणि एकाच स्लाइडवर दोन तज्ज्ञांची दोन मतं. अशा वेळी कोणालाही वाटणारच की डोळ्याचा भरवसा नको, आकड्यात बोलू. जपानमध्ये नोमोरी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एपिथेलियल पेशींची केंद्रकं मोजून थायमोमाची जहालता ठरवायचा प्रयत्न छापला. पुढे इतरांनीही क्षेत्रफळ, आकार, केंद्रकातलं डीएनएचं प्रमाण असं बरंच मोजून पाहिलं. एकाच हॉस्पिटलच्या, एकाच पद्धतीनं केलेल्या स्लाइडमध्ये अशा मापांना अर्थ असतो. पण एका गावची फूटपट्टी दुसऱ्या गावात चालेना, म्हणून रोजच्या कामात ती आली नाही.

१९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रोसाई यांच्या पुढाकारानं तोडगा काढला : नावांवर एकमत होत नाही ना, मग अक्षरं द्या. ए, एबी, बी१, बी२, बी३, आणि थायमसचा खरा कार्सिनोमा, म्हणजे जास्त जहाल कॅन्सर, वेगळा. २००४, २०१५ आणि २०२१ मध्ये सुधारणा झाल्या, अक्षरं टिकली. २०१५ पासून आणखी एक चांगली पद्धत आली : एकाच गाठीत दोन प्रकार असतील तर दोन्ही लिहायचे, जास्तीचा आधी, दहा-दहा टक्क्यांच्या पटीत. हे लक्षात ठेवा, तुमच्या भांडणात कामाला येईल. आणि ‘उच्च श्रेणी’, ‘कमी श्रेणी’ असं वर्गीकरण थायमोमाच्या या पद्धतीत नाहीच. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरला श्रेणी देतात, तिथली सवय या लॅबनं इथे आणलेली दिसते.

आणखी एक गोष्ट, जी आकडेवाल्यांना फार छळते. प्रकार जसजसा वाईट होत जाईल तसतशी केंद्रकं मोठी होत जातील, अशी सरळ चढण थायमोमात नाही. बी२ मधल्या पेशींचं केंद्रक बहुतेक वेळा मोठं, फुगीर, मोकळं असतं. बी३, जो त्याहून आक्रमक मानतात, त्यात केंद्रक पुष्कळदा थोडं लहान, सुरकुतलेलं, खाच पडलेलं दिसतं, आणि आतला ठिपका मंदावतो. फक्त क्षेत्रफळ बघणारा माणूस इथे उलटा निकाल देईल. खरा कार्सिनोमा आहे का अशी शंका असेल तर क्षेत्रफळापेक्षा रंगांच्या तपासण्या जास्त बोलतात : सीडी५ आणि सीडी११७ ही प्रथिनं एपिथेलियल पेशींवर उमटली तर संशय बळावतो, टीडीटी हे प्रथिन असलेल्या कोवळ्या लिम्फोसाइट सोबत असतील तर थायमोमाच्या बाजूनं पारडं झुकतं. अलीकडे जनुकंही बघतात. ए प्रकारच्या बहुसंख्य गाठींत जीटीएफ२आय नावाच्या जनुकात एकच ठरावीक बदल सापडतो, हे २०१४ मध्ये पुढे आलं.

आता तुमचा दुसरा पेच, बी१ की बी२. स्लाइड न बघता मी निवाडा देणार नाही, आणि कोणी फोनवर देत असेल तर घेऊ नका. पण दोघा पॅथॉलॉजिस्टपैकी एक चुकलाच असं धरू नका. बी१-बी२ आणि बी२-बी३ या दोन सीमांवर जाणत्या माणसांचंही जुळत नाही, हे जगभर माहीत आहे. बी१ मध्ये एपिथेलियल पेशी एकेकट्या विखुरलेल्या असतात, आणि मधूनमधून ग्रंथीच्या आतल्या थरासारखी फिकट बेटं दिसतात. बी२ मध्ये त्या घोळक्यानं दिसतात. घोळका कशाला म्हणायचं, तर एकमेकींना लागून सलग तीन किंवा जास्त पेशी. हे खरं तर मोजणंच झालं, पण इथे मोजायचं ते पेशी कोणाला खेटून बसली आहे. हे मोजणं मला मनापासून पटतं, कारण फॉर्मलिननं पेशी आक्रसली तरी शेजारीण बदलत नाही. केराटिनचा रंग दिला की हे घोळके निळ्या गर्दीतून तपकिरी होऊन वर येतात. दोन रिपोर्टांतला फरक एवढ्यानंच मिटण्याची चांगली शक्यता आहे. आणि मिटला नाही तर कदाचित गाठीत दोन्ही भाग आहेत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आला. तेव्हा ते दहा-दहा टक्के.

एक प्रश्न मात्र मला तुम्हाला विचारायचाय. आईला ऑपरेशनच्या आधी मायस्थेनियासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होतं का? किती दिवस, किती मात्रेत? स्टेरॉइडनं थायमसमधल्या कोवळ्या लिम्फोसाइट झपाट्यानं मरतात. गर्दी ओसरली की एपिथेलियल पेशी जवळजवळ दिसायला लागतात, आणि बी१ असलेली गाठ बी२ सारखी, बी२ असलेली बी३ सारखी वाटू शकते. पॅथॉलॉजिस्टला हे कोणी सांगितलं नसेल तर त्याला कळायला मार्ग नाही. विनंतीपत्रावर बहुतेक वेळा ‘थायमोमा, तपासणीसाठी’ एवढंच खरडलेलं असतं. दोघांनाही ही माहिती लेखी कळवा. माझ्या मते तुमच्या पूर्ण प्रकरणात यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी तपासणी दुसरी नाही.

आता ज्यावर खरंच बरंच अवलंबून आहे त्याकडे येऊ. ते तुमच्या पहिल्या रिपोर्टात अर्ध्या ओळीत लिहिलंय आणि त्याकडे घरात कोणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही : ‘टप्पा २अ, कडा मोकळ्या.’

ओसाकाच्या मसाओका यांनी १९८१ मध्ये थायमोमाचे टप्पे मांडले, कोगा यांनी १९९४ मध्ये ते सुधारले. आवरणाच्या आतच असलेली गाठ पहिल्या टप्प्यात. आवरण ओलांडलंय पण फक्त मायक्रोस्कोपखाली दिसतंय, तर २अ. भोवतालच्या चरबीत डोळ्यांना दिसेल इतकी शिरली, तर २ब. हृदयाचं आवरण, मोठ्या रक्तवाहिन्या किंवा फुप्फुस धरलं, तर तिसरा. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणावर वेगळे ठिपके पडले तर ४अ, आणि लसीकाग्रंथीत किंवा रक्तावाटे दूर गेली तर ४ब. मसाओका यांच्या मूळ लेखात पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण पहिल्या टप्प्यात ९२.६ टक्के, दुसऱ्यात ८५.७, तिसऱ्यात ६९.६ आणि चौथ्यात ५० टक्के होतं. हे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीचे आकडे आहेत, आईचं भविष्य म्हणून वाचू नका. उतरण मात्र बघा. टप्प्याप्रमाणे ती किती सरळ उतरत जाते! केंद्रकाच्या क्षेत्रफळानं अशी उतरण वेगवेगळ्या हॉस्पिटलांत सारखी दाखवलेली माझ्या पाहण्यात नाही. २०१७ पासून टीएनएम (गाठ, लसीकाग्रंथी आणि दूरचा प्रसार यांवरून टप्पा ठरवणारी) पद्धतही आली आहे, तुमच्या रिपोर्टात ती नसेल तर लिहून मागा.

टप्प्याइतकीच महत्त्वाची ती कड. गाठ पूर्ण निघाली का, यावर पुढचं बरंच ठरतं. आणि इथे मोजपट्टी, सुई, शाई या साध्या गोष्टी संगणकाहून मोठ्या. सर्जननं थिएटरमध्येच गाठीच्या बाजू दोऱ्यानं किंवा खुणेनं दाखवल्या का? हृदयाकडची बाजू कोणती, फुप्फुसाकडची कोणती? लॅबमध्ये गाठीला शाई फासली का? दर सेंटिमीटरमागे निदान एक तुकडा घेतला का, म्हणजे आईच्या गाठीतून पाच-सहा तरी? थायमोमाभोवतीची चरबी सैल असते, हाताळताना आवरणाचा पापुद्रा सुटून येतो, आणि मग ‘कड मोकळी नाही’ की ‘कड फाटली’ हे कळेनासं होतं. रिपोर्टात कडेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये आणि तुकड्यांची संख्या लिहिलेली असेल तर निर्धास्त व्हा. नसेल तर पहिल्या लॅबला पुरवणी रिपोर्ट मागा. चांगला पॅथॉलॉजिस्ट याला नाही म्हणत नाही.

रेडिएशनबद्दल. पहिल्या टप्प्यातली गाठ पूर्ण निघाली असेल तर ते देत नाहीत. दुसऱ्या टप्प्यात विचार होतो, विशेषतः गाठ आवरणाबाहेर बरीच पसरली असेल, प्रकार बी३ कडे झुकत असेल किंवा कड संशयास्पद असेल तेव्हा. तिसऱ्या टप्प्यात, आणि गाठ मागे राहिली असेल तर, त्याची बाजू भक्कम होते. पूर्ण निघालेल्या २अ मध्ये बी१ असो वा बी२, बहुतेक ठिकाणी नुसतं लक्ष ठेवतात, काही डॉक्टर बी२ ला चर्चेचा विषय करतात. म्हणजे तुमचा बी१-बी२ चा वाद मिटला तरी आईचा मार्ग फारसा बदलेल असं मला वाटत नाही. छातीवर रेडिएशन म्हणजे हृदय आणि फुप्फुस वाटेत येणार. ‘काही केलं तर बरं’ म्हणून घ्यायची ती गोष्ट नाही. मामांची काळजी खरी आहे, पण त्यांना तो तिसरा कागद बाजूला ठेवायला सांगा आणि पहिल्या रिपोर्टातली अर्धी ओळ मोठ्यानं वाचून दाखवा. हा निर्णय सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून घेतात अशा ट्यूमर बोर्डात व्हायला हवा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून मत घेता येतं, शिवाय थायमोमा हा दुर्मीळ आजार असल्यामुळे जिथे असे रुग्ण जास्त येतात तिथलं मत घेणं केव्हाही बरं. जाताना फोटो नको, काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक न्या. सोबत ऑपरेशनची नोंद, सीटीची सीडी आणि स्टेरॉइडच्या तारखा. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे, तेव्हा संकोच करू नका. ब्लॉक घेताना पावती करा, आणि काम झालं की परत नेऊन द्या. पुढे कधी गरज पडली तर जुन्या गाठीशी नव्याची तुलना करायला तेच लागतात. अशा तुलनेत, एकाच लॅबनं एकाच पद्धतीनं मोजलं तर, पेशींचं माप खरोखर उपयोगी पडतं.

‘ए’ असो की ‘बी१’, कुठल्याही थायमोमाला साधी गाठ म्हणून सोडून देत नाहीत, कारण ती सावकाश चालते आणि उशिरा परतू शकते. त्यामुळे निदान दहा वर्षं नियमित सीटी लागतील. परतलीच तर तिची आवडती जागा फुप्फुसाचं आवरण, अगदी खाली डायफ्रामच्या कोपऱ्यापर्यंत. म्हणून स्कॅन करताना फुप्फुसाचा तळ पूर्ण यावा, मधेच तोडू नये, हे फॉर्मवर लिहून घ्या.

मायस्थेनियाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण येत्या वर्षात आईला धोका असेल तर तो गाठीपेक्षा तिथून जास्त आहे. थायमोमाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मायस्थेनिया असतो. एका अर्थी आईचं नशीब, पापणी पडली म्हणून तर गाठ सापडली. पण गाठ गेली म्हणजे मायस्थेनिया गेला असं होत नाही. तो महिनोन्‌महिने रेंगाळतो, कधी ऑपरेशननंतर वाढतोही. पायरिडोस्टिग्मिन (मायस्थेनियाची गोळी) किंवा स्टेरॉइड ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्वतःहून थांबवू नका. सर्दी-तापासाठी गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तरी आधी आजार सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स, जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी स्नायू आणखी ढिले पडतात. गिळताना ठसका लागू लागला, आवाज नाकात जाऊ लागला, उताणं झोपल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका. व्हेंटिलेटर असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि दारातच सांगा की मायस्थेनिया आहे, दोन-तीन महिन्यांपूर्वी थायमस काढलाय.